गांधीजी नसलेली शंभराची नोट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सडेतोड आहे, तेव्हा उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्याकडच्या नव्या जांभळ्या शंभराच्या नोटेवर गांधीजींचं चित्रच नाही, अशोकस्तंभासकट बाकी सगळं जागेवर आहे. यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली नंबर चमकतो, नोट कलती केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, वॉटरमार्क दिसतो आणि कोऱ्या जागेवर बोट फिरवलं की उठावही लागतो. असं असताना छपाईत चुकलेल्या नोटांवरच्या माझ्या लेखात मी अशा नोटांवर 'आधी संशय घ्या' म्हटलं, ते संग्राहकांना उगाच घाबरवणं आहे.

नोट छापखान्यातूनच आली, यावर आपला वाद नाही. पण छपाईतली चूक भासवून संग्राहकाला फसवण्यासाठी खोडाखोड करणारा मुळात खरीच नोट हाती घेतो, कारण शंभराची नोट त्याला शंभर रुपयांतच मिळते. त्यामुळे धागा, वॉटरमार्क, नंबर हे सगळं त्याच्या नोटेतही पास होणारच. तुम्ही नोट तपासलीत. तपासायची आहे ती चूक.

त्यासाठी छपाईचा क्रम डोळ्यांसमोर ठेवा. आधी ऑफसेटवर, म्हणजे सपाट छपाईत, दोन्ही बाजूंच्या फिक्या रंगाच्या नक्षीरेषा, मग इंटॅग्लिओ म्हणजे उठावाची छपाई, मग नंबर, शेवटी कटिंग. खरी चूक यातल्या कुठल्या तरी टप्प्यावर घडते आणि त्या टप्प्याच्या रीतीनेच दिसते. शंभराच्या नोटेवर गांधीजी, अशोकस्तंभ, उठावाचा त्रिकोण आणि दोन्ही कडांच्या चार-चार तिरक्या रेषा, हे सगळं इंटॅग्लिओचं काम. तो टप्पाच हुकला तर हे सगळं एकदम गायब व्हायला हवं. शाई एखाद्या भागातच कमी पडली तर छपाई हळूहळू फिकी होत जाते, शेजारच्या भागालाही झळ लागते. चित्राच्या बाह्यरेषेवर नेमकी येऊन थांबणारी चूक मला तरी पटत नाही. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशात श्योपूरला शेतकऱ्यांच्या हाती गांधीजी नसलेल्या दोन हजाराच्या नोटा आल्या होत्या आणि बँकेने त्या छपाईतली चूक म्हणून परत घेतल्या. म्हणजे असं घडतं. पण त्या नोटा थेट बँकेतून आल्या होत्या. तुमची कुठून आली, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता उठाव. तुमचा मुख्य पुरावा तोच, आणि तो दोन्हीकडून बोलतो. इंटॅग्लिओत कागद प्रचंड दाबाने प्लेटच्या खाचांत घुसतो. प्लेटला शाई लागली नसेल तरी कोरा उठाव राहू शकतो, आणि छापलेली शाई खरवडून काढली तरीही उठाव राहतो. निवाडा करायचा तर खोलीत अंधार करा, टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाडा आणि दहापट भिंगातून बघा. चेहऱ्याच्या जागेतल्या ऑफसेटच्या बारीक रेषा बाजूच्या भागाइतक्याच गडद आणि सलग असतील, कागदाचा पोत तोच असेल, तर गोष्ट तुमच्या बाजूची. त्या रेषा तिथेच तुटक झाल्या असतील, तंतू उभे राहिले असतील, तर ब्लेड किंवा खोडरबर फिरलेलं आहे. चष्म्याची फ्रेम आणि मिशी नीट बघा. शाईचा थर जिथे दाट, तिथे तंतूंत काळपट कण हमखास उरतात. ब्लीच वापरलं असेल तर तेवढ्या भागातला पार्श्वरंग उतरतो आणि यूव्हीखाली तो पट्टा बाजूच्या कागदापेक्षा वेगळा दिसतो. टॉर्च नंबरावर मारण्यापेक्षा इथे मारा.

दोन वेगळ्या नंबरांच्या ज्या नोटेचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात, तिच्याबद्दल थोडक्यात. नंबरिंगचं चाक अडकलं की सहसा एखाददुसरा आकडा चुकतो, कधी तो अर्धवट फिरलेला दिसतो. मालिकेच्या अक्षरांसकट दोन्ही नंबर पार निराळे असतील तर नोट उजेडासमोर धरा आणि धाग्याच्या आसपास जोड शोधा; दोन अर्ध्या नोटा चिकटवण्याचा उद्योग जुना आहे. मिसकट, म्हणजे छापखान्यात वाकडी कापली गेलेली, म्हणून येणाऱ्या नोटेला तर पट्टी पुरते. शंभराची नोट १४२ बाय ६६ मिलिमीटर. एका बाजूचा समास गेला आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या नोटेचा तुकडा किंवा जास्तीचा कागद आलाच नाही, तर ती कात्रीची करामत.

तुमच्या फोटोंत उजेड समोरून पडलाय, त्यात यातलं काहीच दिसत नाही. आडव्या उजेडातला एक फोटो आणि दोन्ही बाजूंचे १२०० डीपीआयचे स्कॅन पाठवा, सोबत त्याच मालिकेची एक साधी नोटही स्कॅन करा. गड्डीतल्या मागच्या-पुढच्या नंबरांच्या नोटा मिळाल्या तर फारच उत्तम, कारण असा बिघाड एका नोटेपुरता क्वचितच थांबतो. तोवर नोट लॅमिनेट करू नका आणि त्या जागेवर पुन्हा बोटही फिरवू नका.