बर्फ वितळला म्हणून बेळगावला पाणी येत नसतं

आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग मंडळाच्या, मग पाहुण्यांच्या, सगळीकडं एकच फॉरवर्ड फिराय लागलंय आणि खाली अंगठ्यांची रांग. ज्यांच्याकडं आलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिमनद्या वितळतायत म्हणून ओरडणारे २०३५ ला हिमालयातला बर्फ संपणार म्हणाले होते, ते खोटं निघालं, म्हणजे सगळंच खोटं. उलट बर्फ वितळला की नद्यांचं पाणी वाढतं, ते जादा पाणी नदीजोडनं खाली दक्षिणेत आणलं की बेळगावचा पाणीप्रश्न मिटला. आणि तसंही आमच्या कृष्णा-घटप्रभा-मलप्रभेत बर्फ कुठं आहे, आम्हाला काय फरक पडतो? सोबत पुराचा एक फोटो.

म्हणजे फरक काही पडत नाही पण फायदा मात्र होणार. असो, एकेक घेऊ.

२०३५ चं खरं आहे. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २००७ च्या रिपोर्टात ते वाक्य होतं आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांनीच ते चुकलं म्हणून मान्य केलं. पण ते वाक्य चुकीचं आहे हे सांगणाऱ्यांत हिमनद्यांचा अभ्यास करणारेच पुढं होते, आणि तेच लोक बर्फ कमी होतोय हेही सांगत होते की! तारीख चुकली म्हणून वितळणं थांबत नाही. काठमांडूची इसिमोड ही संस्था हिंदुकुश-हिमालयावर काम करते, तिच्या २०२३ च्या अहवालात आहे की २०११ ते २०२० या दहा वर्षांत तिथल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं घटल्या. हा आकडा फॉरवर्डवाल्यांना दिसला नाही.

आता 'वितळलं की पाणी वाढतं'. हे अर्धं खरं आहे म्हणूनच लोकांना पटतंय. हिमनदी वितळायला लागली की सुरवातीची काही वर्षं नदीला पाणी वाढतंच, पण ते बियाणाला ठेवलेलं भात कांडून खाल्ल्यासारखं आहे, यंदा हंडा भरलेला दिसतो आणि पुढच्या मिरगाला पेरायला काही नाही. पाणी वाढत वाढत एका टोकाला जातं, शास्त्रज्ञ त्याला पीक वॉटर म्हणतात, आणि तिथनं पुढं उतार. हिमालयातल्या बऱ्याच खोऱ्यांत हे टोक या शतकाच्या मध्याला येईल असा अंदाज आहे, पण जगात काही ठिकाणी ते येऊन गेलंय. पेरूतल्या सांता नदीच्या बऱ्याच उपखोऱ्यांत कोरड्या हंगामातलं पाणी घटाय लागलं हे २०१२ च्या अभ्यासात आलंय. बोलिव्हियातली चाकाल्ताया हिमनदी तर २००९ पर्यंत संपलीच, तिथं आधी लोक स्कीइंगला जायचे.

आणि एकूण पाणी किती यापेक्षा ते कुठल्या महिन्यात येतं हे बघायला पाहिजे. हिमनदीचं काम काय, तर थंडीत साठवायचं आणि पाऊस नसताना, ऊन तापलं की सोडायचं. आता थंडीतही बर्फाच्या जागी पाऊस पडायला लागला तर तो थांबतोय कशाला, पडला की वाहून गेला. लडाखमध्ये पेरणीच्या वेळेला पाणी मिळेना म्हणून चेवांग नोरफेल यांनी थंडीतलं पाणी गोठवून कृत्रिम हिमनद्या केल्या, नंतर सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप उभे केले, ते काय हौस म्हणून नव्हे.

दुसऱ्या बाजूनं घाबरवणाऱ्यांनाही एक सांगतो, बर्फ संपला की गंगा कोरडी पडणार हेही खरं नाही. २०१४ च्या एका अभ्यासात वरच्या सिंधू खोऱ्याच्या प्रवाहात हिमनद्यांचा वाटा साधारण ४० टक्के निघाला आणि वरच्या गंगा खोऱ्यात साडेअकराच्या आसपास. गंगेचा मोठा भार पावसावर आहे. जास्त फटका सिंधूला.

बरं, 'जादा पाणी' कसं येतं तेही बघा. ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं तळं फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण एका रात्रीत गेलं.

नदीजोड. गंगेचं पाटण्यातलं पात्र समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटरवर, आपलं बेळगाव साडेसातशेवर. म्हणजे पाणी सातशे मीटर चढवायचं. एक टीएमसी पाणी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, ते एवढं वर न्यायला काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी पाच कोटी युनिटच्या वर वीज लागते, पंप आणि पाईपची घट वेगळी, शेकडो मैलांचं अंतर वेगळं. आणि शेजारच्या म्हादई नदीच्या कळसा-भांडुरा नाल्यांचे ३.९ टीएमसी लवादानं २०१८ ला दिले, ते अजून मलप्रभेत पोचले नाहीत. हे गंगा आणणार म्हणे!

राहिलं 'आमच्याकडं बर्फ कुठं आहे'. नाहीच आहे, आणि म्हणूनच जास्त काळजी. हिमालयातल्या नदीला पाऊस लांबला तर वरनं थोडा तरी आधार असतो, आपल्याला सह्याद्रीची माती, जांभ्यातले झरे, खानापूरचं जंगल आणि धरणं एवढाच साठा. पाऊस लांबला की राकसकोप तलावाचा तळ दिसाय लागतो आणि सगळं शहर हिडकल धरणाकडं बघत बसतं. समुद्र आणि हवा तापली तसा पाऊस थोड्या दिवसांत जोरानं पडाय लागलाय. मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीनं वाढल्या असं २०१७ च्या अभ्यासात आलं. ऑगस्ट २०१९ आठवतोय ना, चिक्कोडी, गोकाक, रामदुर्ग, सगळीकडं पाणीच पाणी. आणि २०२३ बघा, देशात जूनला कमी, जुलैला सरासरीपेक्षा जास्त, आणि ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. वर्षाचा टोटल बघून काय कळणार? उसाला पाणी लागतं एप्रिल-मे मध्ये, आणि राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा अथणी-चिक्कोडीकडं कृष्णेचं पात्र उघडं पडलं की कोयना-वारणेतनं सोडा म्हणून महाराष्ट्राकडं मागावं लागतं. तेही पावसाचंच साठवलेलं पाणी, बर्फाचं नव्हे.

तो फोटो बिहारमधल्या पुराचा म्हणून दिलाय. बिहारमध्ये जुलै-ऑगस्टला गंडक-कोसीला जो पूर येतो तो बहुतेक नेपाळच्या डोंगरातल्या आणि खालच्या पावसाचा असतो.