‘दहा टक्के स्ट्रॅटेजी, नव्वद टक्के अंमलबजावणी’: हे गणित मांडलं कुणी?

गोव्यातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हापशाच्या दुकानदारांपासून वेर्ण्याच्या कारखानदारांपर्यंत सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवून झालाय. आशय असा: धंद्यात स्ट्रॅटेजी दहा टक्के, अंमलबजावणी नव्वद टक्के. ‘हार्वर्डच्या संशोधनानुसार’ नव्वद टक्के स्ट्रॅटेजी अंमलबजावणीतच मार खातात. तेव्हा मालकाने आणि चार वरिष्ठांनी एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवस बसून दिशा ठरवावी, खालच्यांनी ती राबवावी. टाऊनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, घेऊन सगळ्यांच्या गळी उतरवावी. एकदा ठरलं की मागेपुढे बघू नये. आणि वरच्या टीमने नेहमी एका सुरात बोलावं.

मी फोंड्यात बसून लहान-मध्यम धंद्यांची बजेटं बघतो. गेल्या तिमाहीत हा मेसेज मला इतक्या जणांनी पाठवला की उत्तर एकदाच लिहून टाकावं म्हटलं. मेसेज पूर्ण खोटा असता तर एवढी मेहनत घेतली नसती. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच त्याच्या नादाला लागून लोक पैसे घालवतात.

आधी तो नव्वदचा आकडा. १९८२ साली ‘फॉर्च्यून’ मासिकातल्या एका लेखात आलं की जेमतेम १० टक्के स्ट्रॅटेजी नीट राबवल्या जातात. तो सल्लागारांचा अंदाज होता, कुणी मोजणी केलेली नव्हती. १९९९ मध्ये त्याच मासिकात राम चरण आणि जेफ्री कॉल्विन यांनी कंपन्यांचे प्रमुख का अपयशी ठरतात यावर लिहिताना ७० टक्के प्रकरणांत दोष अंमलबजावणीचा असतो असं म्हटलं. आपणच अंदाज करतोय, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं होतं. पुढे हे आकडे एकातून दुसऱ्यात उतरत गेले आणि वाटेत ‘अंदाज’ हा शब्द गळाला. पोर्तुगालमधल्या आल्गार्व विद्यापीठाच्या कांदिदू आणि सांतुश या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये हे सगळे दावे एकत्र करून तपासले. अपयशाचं प्रमाण कुणी ७ टक्के सांगितलेलं, कुणी ९०, आणि बहुतेकांचा पाया कच्चा. पोर्तुगिजांकडून गोव्याला काजू आणि मिरची मिळाली, त्यांच्या यादीत हा लेखही घालायला हरकत नाही.

आता ‘स्ट्रॅटेजी दहा टक्के’. हे वाक्य गोव्याच्या खाणींच्या भागात, डिचोलीत किंवा सांग्यात जाऊन म्हणून बघा.

२००० नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि गोव्याचं हलक्या प्रतीचं लोहखनिजही हातोहात खपू लागलं. खाणीवरून जेटीपर्यंत ट्रक, जेटीवरून मांडवी-जुवारी नद्यांतून बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी), मुरगावला जहाजात भरणा. माल हलवण्याची ही साखळी इतकी चोख चालायची की २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. वेग, खर्च, वेळापत्रक, कशालाच नावं ठेवायला जागा नव्हती. (धुळीबद्दल गावकऱ्यांना विचारू नका, ते वेगळं सांगतील.) पण या सगळ्याच्या बुडाशी दोन गृहीतकं होती: चीन घेत राहील, आणि लीजचं (खाणपट्ट्यांच्या सरकारी कराराचं) काहीतरी होऊन जाईल. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. लीजची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती, असं न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटलं. मग सरकारने ८८ लीजचं नूतनीकरण केलं, तेही न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. ज्यांनी कर्ज काढून दुसरा-तिसरा ट्रक घेतला किंवा बार्जमध्ये पैसे घातले, त्यांनी अंमलबजावणीत काय कमी ठेवलं होतं? जो जास्त जोमाने राबला तो जास्त बुडाला. गृहीतक कुणी तपासायचं हा प्रश्न ट्रकवाल्याचा नव्हता, तो वर बसलेल्यांचा होता.

उलट बाजूने कोकण रेल्वे बघा. तिच्या अंमलबजावणीचे गोडवे सगळे गातात, आणि ते खोटे नाहीत. पण १९९० मध्ये आधी काय ठरलं? रेल्वेच्या नेहमीच्या यंत्रणेबाहेर स्वतंत्र महामंडळ काढायचं. केंद्र आणि चार राज्यांनी भागभांडवल घालायचं, बाकीचा पैसा मुख्यतः रोखे काढून उभा करायचा. मार्गाचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे तुकडे करायचे, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमायचा आणि जागेवर निर्णय घ्यायचा अधिकार त्याच्या हातात द्यायचा. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांच्या टीमचा झपाटा या निर्णयांवर उभा होता. हे निर्णय दहा टक्क्यांत टाकायचे की नव्वद टक्क्यांत? मला तरी अशी विभागणी जमत नाही.

तिसरं: वरच्यांनी ठरवायचं, खालच्यांनी राबवायचं. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं.

इंटेल ही कंपनी सुरुवातीला मेमरी चिप विकायची. १९८५ मध्ये तिचे प्रमुख अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी मेमरीचा धंदा सोडायचं ठरवलं, ही गोष्ट धाडसी नेतृत्वाची म्हणून सांगितली जाते. पण व्यवस्थापनाचे प्राध्यापक रॉबर्ट बर्गलमन यांनी आत जाऊन अभ्यास केला तेव्हा वेगळंच दिसलं. कारखान्याची क्षमता कुठल्या उत्पादनाला द्यायची यासाठी तिथे एक साधा नियम होता: एका वेफरमागे (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिच्यामागे) ज्यात नफा जास्त, त्याला आधी जागा. जपानी कंपन्यांनी मेमरीचे भाव पाडल्यावर मधल्या फळीचे मॅनेजर त्या नियमाप्रमाणे महिन्यामागून महिना क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे वळवत गेले. वरची मंडळी आपण मेमरीवालेच असं म्हणत होती, तोवर धंदा निम्म्याहून जास्त सरकलेला होता. म्हणजे तिथली खरी स्ट्रॅटेजी त्या नियमात होती.

आता कुंडईच्या बाजूचा एक काजू कारखाना. नाव सांगत नाही, दोन भाऊ आणि एक भाचा मिळून चालवतात. त्यांनी रिसॉर्टवर बसून ठरवलं की घाऊक बाजारातली भावाची मारामारी सोडायची आणि मोठ्या गराचा, गोव्याच्याच बियांचा काजू गिफ्ट बॉक्समधून पर्यटकांना विकायचा. निर्णय चांगला होता. बॉक्स छापून आले, त्यावर ‘डब्ल्यू २१०’. (एका पाउंडात किती गर बसतात त्याचा हा आकडा, जितका लहान, तितका गर मोठा.) पण हंगाम संपल्यावर गोदामात निघाला तो बहुतेक डब्ल्यू ३२० आणि तुकडा. विक्रीवाले खरेदीवर चिडले, खरेदीवाला कामगारांवर, थोरले भाऊ सगळ्यांवर. ‘अंमलबजावणी कच्ची’ असं ठरलं आणि शिस्तीवर एक दिवसाचं प्रशिक्षणही झालं.

कागद काढून बघितले तर कुणीच कामचुकार नव्हतं. खरेदीवाल्याची पगारवाढ ठरायची बियांच्या किलोमागच्या सरासरी भावावर. त्यामुळे मार्च ते मे या काळात सत्तरी-सांग्यातलं चांगलं बी दुसऱ्यांकडे जात असताना तो भाव उतरायची वाट बघत बसला आणि नंतर आफ्रिकेतून आलेलं स्वस्त बी भरून घेतलं. त्याच्या कागदावर तो वर्षातला सगळ्यात यशस्वी माणूस होता. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काजूत वर्षभराची खरेदी तीन महिन्यांत करावी लागते, तेव्हा रोकड हवी. यांनी नेमक्या त्याच वर्षी पणजीत शोरूम घेतली आणि नवं भाजणीचं यंत्रही. एप्रिलमध्ये बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) लिमिट गळ्याशी आलेली. हातात पैसेच नसताना खरेदीवाल्याने चांगलं बी उचललं असतं तरी कशावर?

वरच्या टीमचं काम इथे होतं. शोरूम वर्षभर पुढे ढकलायची, हंगामासाठी रक्कम बाजूला काढून ठेवायची, आणि पगारवाढीचा निकष भावाऐवजी मिळालेल्या मोठ्या गराच्या प्रमाणावर आणायचा. यातलं शोरूमचं सगळ्यात कठीण, कारण ती धाकट्या भावाची हौस होती. ‘हे करू’ म्हणायला रिसॉर्ट पुरतो. ‘मग ते आता नको’ हे भावाला तोंडावर सांगायला घरचं टेबल लागतं. कुणाच्या बजेटातून काय कापलं हे ज्या प्लॅनमध्ये लिहिलेलं नाही, तो मी वाचायला घेत नाही.

टाऊनहॉलबद्दल फार लिहायची गरज नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक डोनाल्ड सल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेहून जास्त कंपन्यांतल्या हजारो मॅनेजरांची पाहणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. कंपनीच्या पाच मुख्य प्राधान्यांपैकी एक तरी मधल्या फळीतल्या ५५ टक्के लोकांनाच सांगता आलं, आणि तेही वरून सतत सांगितलं जात असताना. माझ्या मते त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. आपला साहेब आणि आपले हाताखालचे लोक बहुतेक वेळा शब्द पाळतात असं ८४ टक्के म्हणाले. दुसऱ्या विभागावर कायम भरवसा ठेवता येतो असं म्हणणारे अवघे ९ टक्के. काजूच्या कारखान्यात हेच झालं होतं. खरेदी आणि विक्री यांच्यामधली ही भेग भाषणाने बुजत नाही. दोघांनी एकमेकांना काय, कधी, किती द्यायचं हे कागदावर यावं लागतं, आणि जमलं नाही तर कुणाकडे जायचं हेही.

‘एकदा ठरलं की मागेपुढे बघू नये’ याला पुन्हा कोकण रेल्वेचंच उत्तर. पाच वर्षांचं वेळापत्रक होतं. कठीण खडकातले बोगदे स्वीडनहून आणलेल्या यंत्रांनी भराभर पुढे गेले, मऊ मातीत मात्र त्या यंत्रांचा उपयोग होईना. हाताने, इंचाइंचाने काम करावं लागलं, माती कोसळत राहिली, माणसं गेली. पेडण्याचा बोगदा शेवटपर्यंत रखडला. गोव्यात मार्गावरूनच आंदोलन झालं, १९९३ मध्ये काम थांबवून न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला. पूर्ण मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडलं. ध्येय बदललं नाही, पण पद्धत, खर्च, तारीख सगळं बदलावं लागलं. जमिनीने सांगितलेलं ऐकायचं नाही असं बेलापूरच्या मुख्य ऑफिसने ठरवलं असतं तर पेडण्यात आणखी माणसं गेली असती, एवढंच. तेव्हा ठरवतानाच लिहून ठेवावं: आपण काय गृहीत धरलंय, आणि कुठली बातमी आली की पुन्हा बसायचं. तिमाहीला एकदा पुरे. दर सोमवारी दिशा बदलणारे मालकही मी बघितलेत, त्यांना या परिच्छेदाची गरज नाही.

राहिला एक सूर. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकियाच्या घसरणीवर क्वाय हुई आणि टिमो वुओरी यांनी अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीतीची गोष्ट आहे: सॉफ्टवेअर मागे पडलंय हे मधल्या फळीला दिसत होतं, पण वरिष्ठांच्या संतापाला घाबरून कुणी स्पष्ट बोललं नाही, आणि वरच्यांना सगळं वेळेवर चाललंय असंच वाटत राहिलं. एक सूर होताच की तिथे.

आपल्याकडे यात नात्याची भर पडते. मॅनेजिंग डायरेक्टर काका, मार्केटिंगला भाचा, हिशेबाला वहिनी. काकांचा अंदाज चुकला हे बैठकीत कोण म्हणणार? निर्णय झाल्यावर सगळ्यांनी तो आपला मानावा, हे मला मान्य आहे. निर्णयाआधीचा एक सूर मात्र फक्त मालकाचा असतो. काजूच्या त्या कारखान्यात आता बैठकीतला क्रम उलटा केलाय. गोदामवाला आधी बोलतो, मग खरेदी, मग विक्री, थोरले भाऊ सगळ्यात शेवटी. सुरुवातीला गोदामवाला ‘सगळं ठीक आहे, दादा’ एवढंच म्हणून बसायचा. यंदा एप्रिलमध्ये मात्र खरेदीवाल्याच्या समोरच म्हणाला, “दादा, परवाची गाडी उतरवून घ्यायलाच नको होती, बी ओली आहे.” त्यावर बराच वेळ खडाजंगी झाली. ओलावा मोजल्याशिवाय यापुढे गाडी उतरवायची नाही, हे तिथेच ठरलं. गाडी परत पाठवायचा अधिकार गोदामाचा की खरेदीचा, यावर दोन्ही भावांचं अजून जुळलेलं नाही. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच आहे.