नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं?

नमस्कार. पुण्यात एका प्रभागाला एकच नगरसेवक असावा, या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते तरी पाणी आलं, कचरा उचलला गेला, मग ते हवेत कशाला, हा पहिला. नगरसेवकांचा निधी बाकडी, कापडी पिशव्या आणि नावाच्या फलकांवरच जातो, हा दुसरा.

पाणी आलं, पण कुठे? ३० जून २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायती संपल्या, आणि पुढे जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत या गावांना स्वतःचा नगरसेवक मिळाला नाही. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय आला. तेव्हा त्या लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस महापालिकेत नव्हता. पूर्वी सरपंचाला दारात गाठता यायचं. महापालिकेत आल्यावर कुणाला गाठायचं?

बाकीच्या शहराचंही ऐका. १५ मार्च २०२२ पासून आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे विषयपत्र, अर्थात मंजुरीसाठीचा प्रस्ताव, आयुक्तांचं आणि त्याला मंजुरी देणारे, एरवी नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे असणारे अधिकारही त्यांच्याकडेच. अंदाजपत्रकाचंही तेच. अधिकारी प्रामाणिक असतील, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. पण स्थायीत १६ जण बसतात तेव्हा त्यातला एखादा विरोधक हमखास विचारतो, ‘हा रस्ता गेल्याच वर्षी केला ना? मग पुन्हा खोदाई कशाला? ठेकेदाराला मुदतवाढ कुणी दिली?’ प्रशासनाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात येतं. प्रशासकाच्या काळात हे सगळं बंद होतं. निवडणूक घ्या म्हणून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, ही गोष्ट मला अजूनही लागते.

बाकड्यांबद्दलचा तुमचा राग मात्र अगदी रास्त आहे. ‘स’ यादीतले, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचे पैसे असे जाताना मी सभागृहात बसून पाहिलेत, आणि मार्च जवळ आला की वर्गीकरणाच्या, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्याच्या प्रस्तावांची रीघ लागते, तीही. पण जाब कुणाला विचाराल? आता ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत, म्हणजे प्रत्येक प्रभागात चार, एकात तर पाच. २०११ च्या जनगणनेनुसारच प्रभागाची लोकसंख्या सरासरी ८० हजारांच्या वर जाते; आजची त्याहून बरीच जास्त असणार. ड्रेनेज तुंबलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि उद्घाटनाच्या फलकावर चौघांचीही नावं असतात. मुंबईत २२७ प्रभाग आणि तितकेच नगरसेवक. तिथे हे जमतं, तर पुण्यात का नाही?

पुण्यात प्रभागाला नगरसेवक २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, असा खेळ राज्य सरकारांनी केला, आणि सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती. कायदा विधिमंडळात बदलतो. म्हणून तुमचे आमदार पुढच्या वेळी सोसायटीत येतील तेव्हा बाकड्यांसोबत हेही त्यांना विचारा.