मामा, तू अडकलायस का?

चार दिवस झाले, राग अजून उतरत नाहीये. आणि राग कोणावर, तर तेरा वर्षांच्या भाच्यावर, म्हणजे धड चिडताही येत नाही. त्याने केलं काय, तर माझं काम करून दिलं. मी सांगितलेलं नसताना.

रविवारी ताई आणि तो आले होते आणि मी रेड डेड रिडेम्प्शन टू खेळत होतो. ('खेळत होतो' हे भाच्याला मान्य नाही, त्यावर येतोच.) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१८चा गेम आहे, गोष्ट १८९९ सालातल्या अमेरिकेतली, आपण आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर असतो, टोळीबरोबर पळायचं, दरोडे घालायचे, गोळीबार करायचा. हे सगळं त्यात आहे असं मीही ऐकून आहे. मी ६१ तासांनंतर दुसऱ्या चॅप्टरमध्ये होतो आणि माझी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या चॅप्टरमध्ये टोळीचा तळ हॉर्सशू ओव्हरलुक नावाच्या एका कड्यावर असतो. खाली नदी, पलीकडे डोंगर, पहाटे नदीवर धुकं. तळावर कोणीतरी गिटार घेऊन बसलेलं असतं, म्होरक्याच्या तंबूत ग्रामोफोन वाजतो, एक लहान मुलगा इकडेतिकडे हिंडत असतो, आणि मुख्य म्हणजे सगळे अजून एकमेकांशी नीट बोलतात. माझा कार्यक्रम ठरलेला. घोड्यावर बसायचं, नकाशावर लांबचं एखादं ठिकाण टाकायचं, सिनेमॅटिक कॅमेरा चालू करायचा, की वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि घोडा आपला आपण रस्त्याने चालत राहतो, आपण फक्त एक बटण दाबून ठेवायचं. ऊन कलतं, सावल्या लांबतात, लांब कुठेतरी वीज चमकते आणि गडगडाट नंतर येतो. दिवसभर लोकांच्या एक्सेल शीटा दुरुस्त केल्यावर मला एवढंच पाहिजे असतं.

बरं, हे सौंदर्य खरं नाही हे मला कळतं. एकोणिसाव्या शतकात आल्बर्ट बीअरश्टाट नावाचा चित्रकार होता, तो अमेरिकेच्या पश्चिमेकडचे डोंगर रंगवायचा, पण तिकडून स्केचेस घेऊन यायचा आणि स्टुडिओत बसून डोंगर पाहिजे तेवढे उंच करायचा, ढगातून ऊन पाहिजे तिथे पाडायचा. सिएरा नेव्हाडाचं १८६८चं मोठं चित्र तर त्याने रोममध्ये बसून काढलं. म्हणजे थापाच. पण काय थापा! मला या गेममधली संध्याकाळ बघताना दर वेळी तोच आठवतो, खऱ्या डोंगरावर इतका सोयीस्कर प्रकाश कधी पडत नाही.

तर मी असाच एका टेकाडावर उभा होतो. भाचा शेजारी मोबाईल बघत होता. दहाएक मिनिटांनी त्याने मान वर केली.

"मामा, तू अडकलायस का?"

"नाही रे."

"मग हलत का नाहीयेस?"

"बघतोय."

"काय?"

"ढग."

त्याने मोबाईल बाजूला ठेवला. हे पोरगं आईने जेवायला बोलावलं तरी मोबाईल ठेवत नाही, त्याने ठेवला. स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत नीट पाहिलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "ढगांचं काय करायचं असतं?"

"काही करायचं नसतं. बघायचे."

"मग काही अनलॉक होतं?"

"नाही."

"एक्सपी, पॉइंट्स वगैरे मिळतात?"

"नाही."

"मग गेमला कसं कळणार, तू बघितलेस ते?"

या प्रश्नावर मी आडवा झालो. मोठमोठ्या तत्त्वज्ञांना घाम फुटेल असा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या एका पायात मोजा होता, दुसऱ्या पायात नव्हता. मी म्हटलं, गेमला कळायची काय गरज आहे, मला कळलं की झालं. यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची आहे. मी माझ्या वडिलांकडे असाच बघतो, ते कॉम्प्युटरवरची फाईल शोधत नुसता माऊस फिरवत बसतात तेव्हा. पोराचा आवाजच बदलला. सावकाश, मोठ्याने, शब्द सुटे सुटे करत तो म्हणाला, "हे बघ मामा. नकाशावर पिवळं अक्षर दिसतंय ना? ते मिशन आहे. तिकडे जायचं असतं."

"मला माहितीये."

"मग जा ना."

"जायचं नाहीये. तिकडे गेलं की हे संपतं."

"संपवायलाच असतो ना गेम?"

मी त्याला जरा मोठं उदाहरण द्यावं म्हणून शॅडो ऑफ द कोलॉससचं सांगितलं. २००५चा गेम, फुमितो उएदा या माणसाचा. एवढं मोठं ओसाड राज्य, गाव नाही, दुकान नाही, किरकोळ शत्रू नाहीत, फक्त सोळा अजस्र प्राणी, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला घोड्यावरून नुसतं जात राहायचं, तलवार उन्हात धरली की तिचा प्रकाश दिशा दाखवतो. मी सांगताना थोडा भारावलो होतो, मान्य आहे. भाचा म्हणाला, "एवढा मॅप आणि एनिमी फक्त सोळा? बजेट संपलं होतं का?"

इथे कोणीही समजून घ्यायला हवं होतं की हा विषय सोडावा. मी नाही सोडला. मी त्याला १९९९च्या सायलेंट हिलमधलं धुकं सांगितलं, की त्या काळातल्या प्लेस्टेशनला लांबचं चित्र काढणं झेपायचं नाही म्हणून बनवणाऱ्यांनी सगळ्या गावावर धुकं सोडलं, आणि त्या धुक्यामुळेच तो गेम इतका भीतिदायक झाला की लोक अजून नाव काढतात. मला हे फार आवडतं, मशीनची लाज झाकायला पांघरलेली चादर आणि त्यातच खरी कला. भाचा म्हणाला, "म्हणजे लॅग होता."

असो. त्याचीही चूक नाही म्हणा. हे पोरगं पिक्चरसुद्धा दीडपट स्पीडने बघतं. जिथे कोणी बोलत नाही तिथे दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. कोणी बोलत नाहीये म्हणजे काही घडत नाहीये, इतका सोपा हिशोब. स्टॅन्ली क्युब्रिकचा बॅरी लिंडन (१९७५) तीन तासांचा आहे, हा तो दुपारी आंघोळीला जाण्याआधी उरकेल. त्यातले मेणबत्तीचे प्रसंग खरोखर मेणबत्त्यांच्या उजेडात शूट केलेत, त्यासाठी झाइस या लेन्सच्या कंपनीने नासाकरता बनवलेली लेन्स वापरली, एकेक फ्रेम भिंतीवर टांगावी अशी. आता हे सांगून मी फार जाणकार वाटेन म्हणून कबूल करतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा दुसऱ्या भागात मी झोपलो होतो. पण माझं मत असं आहे की सुंदर गोष्टीसमोर झोप लागणं वेगळं आणि ती पळवत बघणं वेगळं. झोपलेला माणूस निदान घाईत नसतो.

आणि मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. घोस्ट ऑफ त्सुशिमा (२०२०) घेतला तेव्हा त्यात तो जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या नावाचा मोड आहे ना, सगळं ब्लॅक अँड व्हाइट, जुन्या रिळासारखे दाणे वगैरे, तो मी मोठ्या ऐटीत चालू केला, म्हटलं आपण रसिक. दहा मिनिटांत लक्षात आलं की लाल पानांचं जंगल, पिवळ्या पानांचं जंगल, ज्यासाठी एवढा गेम घेतला, सगळं राखेच्या रंगाचं दिसतंय. गुपचूप बंद केला. कोणी बघत नव्हतं तरी इकडेतिकडे पाहून बंद केला. त्या गेममधली मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे वारा. रस्ता दाखवायला स्क्रीनवर सतत मिरवणारा बाण नाही, वारा सुटतो आणि गवत ज्या दिशेला झुकतं तिकडे जायचं. नाहीतर बाकीच्या गेममध्ये चढायच्या दगडाला पिवळा रंग फासलेला असतो, कोणी डोंगरात जाऊन ही रंगरंगोटी केली असेल हे विचारायचं नाही.

जाऊ दे, भरकटलो. रविवारकडे येऊ. साडेतीनला ऑफिसचा फोन आला. "पाच मिनिटं" म्हणाले. ऑफिसची पाच मिनिटं, अडीच तास लागले. जाताना मी कंट्रोलर कोचावर ठेवला आणि भाच्याला म्हटलं, "हवं तर घोडा फिरव जरा." हे माझे शब्द. घोडा फिरव.

परत आलो तर स्क्रीनवर भलतंच गाव. म्हणजे तळ तोच, तीच माणसं, तेच तंबू, पण कडा नाही, नदी नाही, तळ्याकाठची सपाट जागा, दमट, झाडांमधून ऊन. मला दोन सेकंद कळेना. भाचा वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, म्हणजे परीक्षेचा निकाल दाखवायला येतात तसा.

"मामा, तुझं करून टाकलं!"

टोळीतल्या जॉन मार्स्टनबरोबर मेंढ्या पळवून विकायचं ते मिशन मी महिनाभर मुद्दाम ठेवलं होतं. कारण मला माहीत आहे, ते केलं की गावात मोठा गोळीबार होतो, टोळीला तळ हलवावा लागतो, चॅप्टर संपतो आणि तिथून पुढे त्या माणसांचं काही खरं नाही. इंटरनेटवर आपल्यासारखे पुष्कळ आहेत, दुसऱ्या चॅप्टरमध्येच तंबू ठोकून राहिलेले. मी हाताने सेव्ह कधी करत नाही, ऑटोसेव्ह असतो की. त्या ऑटोसेव्हवर आता भाच्याची कामगिरी ठाण मांडून बसली होती.

"अरे, पण मला तिथेच राहायचं होतं," मी म्हटलं. आवाज जरा चढला असेल.

तो गोंधळला. मग समजूत काढल्यासारखा म्हणाला, "पण इथे तळं आहे ना. तुला पाणी आवडतं."

मी काहीच बोललो नाही, घोडा घेतला आणि जुन्या कड्यावर गेलो. जाता येतं. जागा तीच, नदी तीच, धुकंही आलं वेळेवर. पण गिटार नाही, ग्रामोफोन नाही, कोणी नाही. देखावा जसाच्या तसा आणि त्यात जीव नाही, हे मला अपेक्षित नव्हतं. मी इतके दिवस समजत होतो की मी डोंगर बघतोय.

रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क (१९८१) या पिक्चरच्या शेवटी ते खोक्यांचं प्रचंड गोदाम आहे ना, ते काचेवर रंगवलेलं चित्र आहे, मायकेल पँग्राझिओ यांनी काढलेलं, आणि त्यात एक माणूस खोकं ढकलत जातो तेवढाच भाग खरा शूट केलेला. तो माणूस काढला तर काय उरलं, उत्तम रंगवलेली काच.

खरं सांगू, मला राग भाच्याचा कमी आणि त्या "किती झालं?"चा जास्त येतो. संध्याकाळी त्याने मेनूत जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, एकसष्ट तास आणि इतकेच टक्के, आणि भावोजी असे हसले की जणू मी नापास झालोय. पुस्तकाचं ॲप टक्के सांगतं, घड्याळ पावलं मोजतं, झोपेलासुद्धा आता मार्क मिळतात, मला मागच्या आठवड्यात झोपेत बासष्ट पडले. पिक्चर संपतो तोच क्रेडिट्सचा चौकोन आक्रसून कोपऱ्यात जातो आणि पुढचं काहीतरी सुरू व्हायला पाच, चार, तीन. अरे, ज्या माणसाने ते ढग रंगवले त्याचं नाव तरी वाचू द्या. आणि हल्लीचे पिक्चर तर इतके काळोखात शूट करतात की मारामारी कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी कोणालातरी विचारावं लागतं.

काल ताईचा फोन. "तू त्याला ओरडलास का? रुसलाय तो. अडीच तास बसून तुझं काम केलं त्याने, थँक्यू तरी म्हण."

म्हटलं थँक्यू. काय करणार, मामा आहे. तो लगेच खुलला. "नेक्स्ट टाइम आलो की उरलेलं संपवून देतो. आणि मामा, तुझं स्टोरेज भरलं होतं, सगळे ढगांचेच स्क्रीनशॉट होते, चारशेच्या वर. मी उडवले. आता स्मूथ चालेल."

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"एक ठेवलाय," तो म्हणाला. "त्यात अस्वल होतं."

फोन ठेवून तो फोटो उघडला. पहाट, नदी, धुकं, मी काढलेल्यांपैकी बरा होता. उजवीकडे खाली, पाण्याजवळ, खरंच अस्वल होतं. मला ते दिसलंच नव्हतं.