पहिली हाफ मॅरेथॉन पळणाऱ्यांनो, हळू पळा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदाच नाव दिलेली बरीच मंडळी सध्या पहाटे रस्त्यावर दिसतायत, बघून खूप बरं वाटतं, पण त्यातले बहुतेक जण गरजेपेक्षा फार जोरात पळतायत आणि ते मला मनापासून खटकतंय म्हणून हे लिहितोय.

२१ किलोमीटरची तयारी म्हणजे रोज जीव काढून पळणं नव्हे. सोबतच्याशी नीट पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच स्पीड ठेवायचा, आणि बोलता येईना की सरळ चालायला लागायचं, त्यात काही कमीपणा नाही. कारण असंय की दम काही आठवड्यांतच वाढायला लागतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात, मग माणसाला वाटतं आता जमतंय आपल्याला, तो स्पीडही वाढवतो, अंतरही वाढवतो आणि नडगी दुखायला लागते. इथेच कितीतरी चांगले पळणारे कायमचं सोडून देतात हो!

आणि ग्रुपवरच्या जुन्या रनर्सना कळकळीची विनंती, नवीन माणसाला पहिला प्रश्न "पेस किती?", म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात, हा विचारू नका. झोप झाली का विचारा, पाय दुखतोय का विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) फायनलला पोचली हे सगळे अभिमानाने सांगतात, पण त्याआधी ती वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं पळत होती, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीनदा पहिली आली होती, ते पण सांगा ना पोरांना.

आता घाटाचं. रेसच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटाच्या चढाला सगळे घाबरतात, पण माझ्या मते खरी परीक्षा परतीच्या उताराला असते. उतारावर प्रत्येक पावलाला मांड्यांना ब्रेक लावावा लागतो, सवय नसेल तर पुढचे दोन दिवस जिना उतरता येत नाही. त्यामुळे लाँग रनमध्ये, म्हणजे सरावातल्या लांब पळण्यात, थोडा थोडा उतारही पळा, पावलं छोटी टाका, आणि पावसात रस्ता निसरडा असतो तेव्हा तर अजिबात उड्या मारत येऊ नका. ओले मोजे घासून फोड येतात, आधीच व्हॅसलीन लावा. नवे कोरे शूज रेसच्या दिवशी घालू नका. पाणी तहानेपुरतंच प्या, नुसतं पाणी खूप ढोसलं तर रक्तातलं सोडियम कमी होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

चाळिशी ओलांडली असेल, शुगर बीपी असेल तर ट्रेनिंग सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि पळताना छातीत दाबल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं, जवळच्या व्हॉलंटियरला लगेच सांगायचं, फिनिश लाईन १०० मीटरवर दिसत असली तरी.