साताऱ्याच्या लग्नाला न आलेले डॉक्टरकाका

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकानं ग्वांतानामोचा, अमेरिकेच्या त्या बिनखटल्याच्या तुरुंगाचा, फोटो टाकला. नारिंगी कपडे घातलेली, गुडघ्यांवर बसवलेली माणसं. खाली लिहिलं होतं, "ही बघा अमेरिकेची लोकशाही. आपल्याकडे असं कधी झालं नाही, होणारही नाही." त्यावर धडाधड अंगठे आणि तिरंगे. लोकलमध्ये उभ्याउभ्या मी तीनदा उत्तर टाईप केलं, तीनदा पुसलं. आता घरी आलेय, स्वयंपाक उरकलाय, तर इथेच लिहिते.

झालंय. आपल्याकडे झालंय, १९६२ मध्ये, इथल्याच चिनी वंशाच्या माणसांबाबत.

आमच्या लहानपणी गिरगावात दातांचे एक चिनी डॉक्टर होते. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. आमच्या घरी आले की चहा न घेता कधी गेले नाहीत, आणि मराठी असं की पाठमोरे असले तर कुणाला शंका येऊ नये. १९८४ मध्ये ताईचं लग्न साताऱ्याला ठरलं. बाबा स्वतः जाऊन पत्रिका-अक्षत देऊन आले. काका "नक्की येतो" म्हणाले. आणि आले नाहीत. बाबांना ते फार लागलं. "आपणच त्यांना घरचं समजत होतो," एवढंच म्हणाले, आणि नंतर कितीही दाढ ठणकली तरी काकांची पायरी चढले नाहीत.

आता त्या बासष्टच्या काळाबद्दल. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला. २१ नोव्हेंबरला चीननंच युद्धबंदी जाहीर केली. महिनाभराचं युद्ध. पण त्या महिन्यात आसाम, शिलाँग, दार्जिलिंग इथून चिनी वंशाची कुटुंबंच्या कुटुंबं पोलिसांनी उचलली. चहाच्या मळ्यांवरचे कामगार, सुतार, हॉटेलवाले, शाळेत जाणारी पोरं, अंथरुणाला खिळलेल्या आज्या. त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, तुमच्याच सुरक्षेसाठी नेतोय, असं सांगितलं. मग आगगाडीत घालून कित्येक दिवसांचा प्रवास करवून राजस्थानात देवळीला नेलं (वर्ध्याजवळची देवळी नव्हे). साधारण तीन हजार माणसं. आरोप नाही, खटला नाही, वकील नाही. भारत संरक्षण कायदा दाखवला की संपलं. महिनाभराच्या युद्धासाठी शेवटची माणसं सुटली ती १९६७ मध्ये!

आणि ही देवळी कुठली? जिथे १९४१ मध्ये इंग्रजांनी जयप्रकाशांना, कॉम्रेड डांग्यांना विनाचौकशी डांबलं होतं, तीच. हे वाचलं तेव्हा मला रडूच आलं. स्वातंत्र्य मिळून पंधरा वर्षं झाली होती आणि आपण त्यांचेच कोंडवाडे वापरायला काढले.

देवळीला नेलं तेव्हा डॉक्टरकाका अकरा वर्षांचे होते. आसामातले. त्यांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मान्य आहे, युद्ध होतं. आपले जवान हिमालयात सुती कपड्यांत मरत होते, लोक घाबरले होते, हेरांची भीती खोटी नव्हती. ठीक. मग हेर शोधा ना! दुकान चालवणाऱ्या बाईचा आणि तिच्या दुधपित्या पोराचा काय संबंध?

मला सर्वात जास्त संताप येतो तो नंतरच्या गप्प बसण्याचा. १९६३ मध्ये चीननं मद्रासला जहाजं पाठवली, त्यातून दोन हजारांवर माणसं गेली. काहींनी तर तो देश कधी पाहिलाही नव्हता. जे इथेच राहिले त्यांना परतल्यावर घर नाही, दुकान नाही, शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेलेलं. वर पोलीस ठाण्यात हजेरी. आणि सरकार? आजवर माफीचं एक अक्षर नाही. नेहरूंपासून आजपर्यंत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली, या बाबतीत सगळ्यांचं एकमत. त्या युद्धातल्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारनं १९६३ पासून अधिकृतपणे कुलूपबंद ठेवलाय, पण सैन्यापुरता का होईना, अहवाल तरी आहे म्हणा. या माणसांसाठी तेवढंही नाही. मी इतिहास घेऊन बीए केलं, एका ओळीत देवळी भेटली नाही.

ज्या अमेरिकेला ग्रुपवर शिव्या घालताय (घाला, ग्वांतानामोसाठी घालायलाच हव्यात) तिनंसुद्धा दुसऱ्या महायुद्धात कोंडलेल्या जपानी वंशाच्या लोकांची १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना माणशी वीस हजार डॉलर दिले. उशिरा दिले, पण दिले. कॅनडात गेलेले आपले देवळीवाले, हो, ते स्वतःला देवळीवालेच म्हणवतात, पैसे नको म्हणतात, चूक झाली एवढं म्हणा म्हणतात.

काका टोरांटोला मुलाकडे कायमचे निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे निरोप घ्यायला आले. तेव्हा पहिल्यांदा बोलले. मुंबईबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी लागायची. साताऱ्यासाठी अर्ज केला होता. कागद हातात आला तेव्हा ताई सासरी जाऊन आठवडा झाला होता.

"अहो, मग तेव्हाच सांगायचं ना," आई म्हणाली.

"काय सांगू वहिनी? तुमच्या मुलीच्या लग्नाला यायला शत्रूला परवानगी मिळाली नाही, असं?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग बाबा उठले. आतली लाकडी खुर्ची आणून ट्यूबलाइटखाली ठेवली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, ही डावीकडची दाढ जरा बघता का?"

काकांनी बाह्या सारल्या, मोरीत जाऊन हात धुतले.