कॉइल वाजते म्हणून पॉवर सप्लाय उघडू नका

परवा रात्री भाच्याने एक फोटो पाठवला. टेबलावर पीसीचा पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा, उताणा पडलेला, झाकणाच्या चारपैकी तीन स्क्रू निघून बशीत, शेजारी ग्लू गन तापत ठेवलेली. खाली ओळ: "मावशी, ग्लू नेमका कुठल्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) लावायचा?"

मी तडक फोन केला, आधी हात मागे घ्यायला लावले आणि मग विचारलं की हे शिकवलं कुणी. त्याने पाठवलेला मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल. गेम खेळताना पीसीतून बारीक, कर्कश किर्रर्र आवाज येतो, त्या कॉइल व्हाइनवर त्यात सहा 'खात्रीचे' उपाय दिले आहेत. मी चौथ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांत पैसे जातील, यात जीव जाऊ शकतो.

चौथा उपाय असा: "प्लग काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत करंट उरत नाही. मग झाकण उघडून कॉइलवर हॉट ग्लू सोडा."

पॉवर सप्लायच्या आत एक जाडजूड, डब्यासारखा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. हल्लीच्या बहुतेक सप्लायमध्ये घरातली वीज आधी साधारण ३८० ते ४०० व्होल्ट डीसीपर्यंत चढवली जाते आणि ती या कपॅसिटरमध्ये साठते. ३९० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३९० व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात जवळपास ३० ज्यूल ऊर्जा असते. तीन किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडावं, तितकी. ती बोटांतून क्षणार्धात जाते. प्लग काढल्याने ती नाहीशी होत नाही.

बटणाच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. सप्लाय मदरबोर्डला (पीसीच्या मुख्य बोर्डाला) जोडलेला असताना बटण दाबलं तर स्टँडबाय सर्किट, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणारा सप्लायचा छोटा भाग, थोडा चार्ज ओढून घेतं. पण व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की ते सर्किटच बंद पडतं आणि उरलेला चार्ज जागच्या जागी राहतो. तो उतरवायला आत वेगळा रेझिस्टर असेलच, याची खात्री नाही. आणि भाच्याने तर सप्लाय कॅबिनेटमधून बाहेर काढला होता. बटण कॅबिनेटवर, सप्लाय टेबलावर. ज्याला तार जोडलेलीच नाही ते बटण तासभर दाबलं तरी काय उतरणार?

कारखान्यात कॉइलभोवती चिकट पदार्थ लावतात, हेही खरं. पण तो उष्णता सोसणारा असतो. ग्लू गनमधला ग्लू साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडतो, आणि लोडवर चाललेली कॉइल तिथवर सहज तापते. म्हणजे ग्लू ओघळणार, हवा अडणार, वॉरंटी गेली ती गेलीच.

आता मुळात आवाज कशाचा? कॉइलमधून जाणारा प्रवाह सतत कमीजास्त होतो. त्याने तारेचे वेढे आणि मधला गाभा सूक्ष्म थरथरतात. ही थरथर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पट्ट्यात आली की आपल्या कानांना ऐकू येते. त्यामुळे "आवाज म्हणजे सप्लाय कमी पडतोय, कार्ड जळणार" हा त्या मजकुरातला पहिला मुद्दा निराधार आहे (कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड). कॉइल व्हाइन त्रासदायक असते, पण त्याने कार्ड मरत नाही. चटचट आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच मशीन बंद करा.

भाच्याला मी एवढंच करायला लावलं: स्क्रू परत लाव, सप्लाय जागेवर बसव, गेम चालू कर आणि कागदाची नळी करून कान लावून बघ, आवाज कुठून येतोय. तो ग्राफिक्स कार्डातून येत होता, सप्लायमधून नाही! गेमच्या मेन्यूत फ्रेम रेट, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं तो आकडा, ९०० च्या पुढे गेलेला. मर्यादा १२० वर आणली तशी किरकिर इतकी खाली आली की पंख्यांच्या आवाजात शोधावी लागली. तेवढ्याने भागलं नाही तर कार्डाची पॉवर लिमिट (ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) थोडी उतरवा किंवा अंडरव्होल्ट करा, म्हणजे त्याला थोड्या कमी व्होल्टेजवर चालवा. एवढं करूनही असह्य असेल तर विकत घेतलं तिथे बदलून मागा.

दुसरा मुद्दा, "हजार वॅटचा घ्या, आवाज जातो." सप्लाय बदलल्यावर कधीकधी आवाज बदलतो, हे नाइलाजाने कबूल करते. पण ते त्या सप्लायच्या बनावटीमुळे, वॅटच्या आकड्यामुळे नाही. हिशेब करून बघा. समजा एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे, ते २०० वॅटचं, सोबतचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, बाकी सगळं धरून ३५० च्या आसपास. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ६५० वॅटचा सप्लाय सांगते, त्यातच भरपूर शिल्लक आहे.

शिल्लक का लागते, तर कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज ओढतं. इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० चं, म्हणजे पीसीचे सप्लाय कसे असावेत या मानकाचं, डिझाइन गाइड काढलं, त्यात मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, असं लिहिलं आहे. त्याच गाइडमध्ये १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, १२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा आहे. सप्लाय निवडताना या गोष्टी बघायच्या.

तिसरा मुद्दा 'गोल्ड'चा. सप्लायवरचा हा शिक्का यातलं काही सांगत नाही. ८० प्लस गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता. रिपल, आवाज, संरक्षण यांचा त्यात हिशेब नाही.

पाचवा मुद्दा, "सप्लाय बदलला तरी जुन्याच केबल ठेवा." अजिबात नको. मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलच्या सप्लायकडच्या टोकातली तारांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी. प्लग नीट बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) जागेवर मरते. नव्या सप्लायबरोबर आलेल्याच केबल लावा.

सहावा, कार्ड रात्रभर फुल लोडवर ठेवायचा. काहींचा आवाज त्याने कमी झाला म्हणतात. कार्डाला त्याने इजा होत नाही, म्हणून त्यावर वाद घालत नाही. पण आधी फ्रेमची मर्यादा लावा, त्याला एक मिनिट लागतं.